चैत्रगौरीचं हळदीकुंकू फ्लॅटमध्ये, ५० बायका: डाळ-पन्ह्याचं प्रमाण, आरास, चैत्रांगण

गंगापूररोडकर

यंदापासून चैत्रगौर आमच्या घरी बसणार आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसवायची आणि पुढच्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ८ हळदीकुंकू, असा बेत आहे. साधारण ५० जणी येतील. नाशिकला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, अंगण नाही, हॉलला गुळगुळीत फरशी.

आंब्याची डाळ आणि पन्हं ५० जणींना किती लागेल? डाळ कधी ओलसर लगदा होते, कधी दोन तासांत आंबूस वास येतो, ते कशाने? ओटीचे हरभरे किती भिजवावेत? चैत्रांगणाची रांगोळी फरशीवर टिकत नाही, पायाने पसरते, त्यावर काय करता? गौर म्हणून झोपाळ्यात बसवायची अन्नपूर्णेची मूर्ती पुढे कलते, तिला कसं बसवायचं? आणि मजल्यावरच्या राजस्थानी कुटुंबात याच तृतीयेला गणगौर असते. तिचा आणि आपल्या गौरीचा संबंध काय, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

रविवार_कारंजा

ताई, डाळीपासून सुरू करते. या हळदीकुंकवात फसते ती डाळच.

प्रत्येकीला दोन मोठे चमचे, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास धरा. १ किलो हरभरा डाळ पुरते. भिजून ती जवळजवळ २ किलो भरते; कैरी, खोबरं, फोडणी मिळून ३ किलोपर्यंत जाते. कैरी ८०० ग्रॅम आणा, साल आणि कोय जाऊन ५०० ते ५५० ग्रॅम कीस निघतो. हिरव्या मिरच्या २०-२५, लवंगी असेल तर १२ पुरे. मीठ ४० ग्रॅम, साखर दोन-तीन मोठे चमचे, एक नारळ, कोथिंबिरीची एक जुडी. फोडणीला तेल २०० मिली, मोहरी दोन मोठे चमचे, हिंग एक चहाचा चमचा, हळद दोन चहाचे चमचे, सुक्या मिरच्या ८. तेल जास्त वाटेल, पण कच्ची डाळ तेल पिते. कमी पडलं की घास घशात अडकतो आणि बायका पन्ह्याच्या पेल्याकडे हात नेतात.

आता लगदा का होतो ते. डाळ ४ ते ५ तासच भिजवायची. रात्री भिजत घातली की चैत्रातल्या उकाड्यात सकाळी पाण्यावर फेस येतो, वास तिथूनच सुरू होतो. सकाळी ८ ला भिजवा, मध्ये दोनदा पाणी बदला. दाणा नखाने दाबल्यावर सहज तुटावा, मध्ये कोरडा पांढरा ठिपका दिसू नये. मग चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि पंचावर १५ मिनिटं पसरून ठेवा. ही पायरी सर्रास गाळली जाते. निथळ राहिली की मिक्सरमध्ये तेच पाणी डाळीचं पीठ करतं, वर कैरीचं पाणी सुटतं, आणि संध्याकाळपर्यंत वाटीत चटणी उरते.

मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एका वेळी ४०० ग्रॅमच्या वर डाळ घालू नका. पाणी अजिबात नाही. सलग फिरवायचं नाही. एकेक सेकंदाचे पाच-सहा झटके, मध्ये चमच्याने खालवर करायचं. मिरच्या पहिल्याच घाण्यात, म्हणजे त्या बारीक होतात आणि दाताखाली येत नाहीत. चार दाण्यांतला एक अर्धवट दिसला पाहिजे. वाटलेली डाळ मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोट टोचलं की सुटावा. ती खूण जमली की डाळ जमली.

फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्या, अर्धकच्ची राहिली तर कडवट लागते. गॅस बंद करून मग हिंग, सुक्या मिरच्या, शेवटी हळद. अर्धी फोडणी गरम असतानाच नुसत्या डाळीवर ओता आणि कालवा, कच्चट वास जातो. उरलेली गार करून वाढण्याआधी वरून.

कैरी, मीठ, साखर आणि खोबरं आधी मिसळून ठेवू नका. मीठ लागलं की कैरी पाणी सोडते, आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी उतरतं ते ओलं खोबरं. बायका ५ ला येणार तर ४ ला निम्मी डाळ कालवा. उरलेली निम्मी डाळ फोडणी घातलेली, पण कैरी-खोबऱ्याविना, फ्रिजमध्ये ठेवा. साडेसहाला दुसरी खेप कालवायची. ७ नंतर येणाऱ्यांनाही ताजी डाळ मिळते. एवढं केलं की आंबूस वासाची तक्रार राहत नाही.

कैरी चाखूनच घ्या. तोतापुरीला आंबटपणा कमी, तिने डाळ मिळमिळीत होते. कमी आंबट मिळाली तर कीस वाढवू नका, पाणी वाढेल. दोन लिंबं पिळा.

कोयरी_करंडा

वरच्या प्रमाणाशी सहमत. लिंबाबद्दल मात्र मत वेगळं आहे. लिंबाने कैरीचा वास मरतो. त्यापेक्षा दोन जातींच्या कैऱ्या आणाव्यात, निम्मी आंबट गावठी. ती चैत्राच्या उत्तरार्धात बाजारात चांगली दिसते. तृतीयेनंतर लगेचच्या शुक्रवारी कोवळ्या, कोय न धरलेल्या कैऱ्याच जास्त असतात. तेव्हा हळदीकुंकू एखाद-दोन आठवडे पुढे ढकलायला हरकत नाही, गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत बसलेली असते.

ज्यांना कच्ची डाळ सोसत नाही त्यांच्यासाठी वाटलेली डाळ चाळणीत १० मिनिटं वाफवून, गार करून, हाताने मोकळी करून मग कैरी घाला. चव थोडी बदलते, पोट बिघडत नाही. साठीच्या पुढच्या बायका बऱ्याच असतील तर पाव भाग तरी असा करावा.

पन्ह्याचं: ५० पेले, प्रत्येकी १५० मिली, म्हणजे साडेसात लिटर. कैरी सव्वा किलो. कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता तीन शिट्ट्या. गर ७०० ग्रॅमच्या आसपास निघतो. तो गरम असतानाच त्यात १ किलो चिरलेला गूळ घाला, विरघळतो आणि ढवळत बसावं लागत नाही. मग चाळणीतून गाळा, कारण कैरीचे धागे आणि गुळातली कणी पेल्याच्या तळाशी जमतात आणि शेवटचा घोट कचकचतो. दोन चहाचे चमचे मीठ, दीड चमचा वेलचीपूड, कोमट पाण्यात खललेलं केशर. हा अर्क आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतो. वेलची मात्र त्याच दिवशी घाला. वाढताना एका वाटीला साडेतीन-चार वाट्या पाणी. बर्फ टाकू नका, पहिल्या पेल्याला एक चव आणि दहाव्याला दुसरी होते. माठातलं पाणी वापरा.

एक गोष्ट निक्षून सांगते. आपल्याकडे भांडी बाजारातून घेतलेली पितळेची सुंदर पातेली, कळश्या घरोघरी असतात आणि या दिवशी पन्हं त्यात ठेवायचा मोह होतो. आत कल्हई धड नसेल तर ठेवू नका. कैरीचं आम्ल पितळेला लागतं, पन्ह्याला कळकट चव येते आणि ते पोटाला वाईट. आतून सगळीकडे एकसारखा चंदेरी रंग असेल, कुठेही पिवळं डोकावत नसेल, तरच ठेवा. नाहीतर आत स्टीलचं पातेलं बसवा, बाहेरून शोभा पितळेचीच राहील. ॲल्युमिनियमही नको.

ओटीचे हरभरे: प्रत्येकीला एक ओंजळ. कोरडे सव्वा किलो भिजवले की अडीच किलो होतात, ५० जणींना पुरतात. हे ८ ते १० तास भिजतात. संध्याकाळच्या ओटीसाठी पहाटे भिजवा आणि ३ ला उपसून सुती कापडावर पसरा. ओलेचिंब हरभरे पदरात घातले तर साडीला डाग आणि पिशवीत वास. पानाचे द्रोण मिळाले तर त्यातच द्या.

रांगोळी_शुभ्र

चैत्रांगण आणि आराशीचं मी सांगते.

फरशीवर थेट काढू नका. तीन फूट बाय तीन फूट प्लायवूड घ्या. गेरू पाण्यात कालवताना पेलाभर पाण्याला दोन चमचे फेविकॉल घाला आणि दोन हात द्या, पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. फेविकॉल नसेल तर गेरू हाताला सुटतो आणि पांढरी रेघ गुलाबी दिसायला लागते. जास्त झाला तर पृष्ठभाग चकचकतो आणि रांगोळी घसरते. खडबडीत, मातकट अंग राहिलं पाहिजे. फळी दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर बाजूला ठेवा. पंखा थेट वर नको.

रांगोळी चहाच्या गाळणीतून एकदा चाळून घ्या. जाड कण आला की चिमटीतली धार तुटते. सुरुवात मधल्या मखरापासून: आधी दोन खांब, मग कमान, मग झोपाळ्याच्या साखळ्या, शेवटी पाटावर गौर. काही घरांत गौर आणि तिची सखी अशा दोघी काढतात. आधी गौर काढून भोवती मखर बसवायला गेलं की कमान वाकडी होतेच. वर डावी-उजवीकडे सूर्य-चंद्र. मग आतून बाहेर: शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, ॐ, गोपद्म, लक्ष्मीची पावलं, कासव, नाग, गरुड, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, समई, घंटा, आणि सौभाग्याच्या वस्तू म्हणजे मंगळसूत्र, फणी, करंडा, आरसा, कोयरी. एकूण किती चिन्हं, हे घराघरात वेगळं असतं. घरातल्या जुन्या बायकांना विचारून तीच ठेवा. वरून खाली काढत या, म्हणजे हाताची बाजू काढलेल्यावर घासत नाही. शेवटी हळदीकुंकू वाहायचं. महिनाभर रोज सगळं पुसून काढणं जमलं नाही तर रोज नुसती गौर आणि पावलं पुन्हा रेखली तरी चालतं.

झोपाळा: अन्नपूर्णेच्या हातातल्या पळीमुळे मूर्तीचं वजन पुढे असतं, म्हणून ती कलते. पाटावर चौपदरी मऊ कापड घाला आणि पुढच्या कडेखाली एक घडी जास्त द्या. मूर्ती मागे रेलली की लाल धाग्याने कमरेपाशी झोपाळ्याच्या पाठीला सैलसर बांधा, वर गजरा येतो, धागा दिसत नाही. मूर्ती आदल्या दिवशी चिंचेच्या कोळाने घासून, लगेच भरपूर पाण्याने धुऊन, कोरडी पुसून ठेवा. चिंच रेघांत राहिली तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग दिसतात. झोपाळा नसेल तर चौरंगावर ताम्हनात तांदूळ घालून त्यावर बसवा, त्यातही काही कमी नाही.

पायऱ्या ३, ५ किंवा ७. खाली लोखंडी पेट्या, वर डबे, चारही कोपरे हलवून बघा आणि मग साडी अंथरा. साडीची घडी पायरीच्या आतल्या कोनात खोचून घ्या, नाहीतर ठेवलेल्या वाट्या पुढे सरकतात. समया पायरीवर ठेवू नका, दोन बाजूंना जमिनीवर, पदर लागणार नाही अशा. मोकळ्या जागी ओल्या कापसावर उगवलेले गहू किंवा हळीव ठेवायचे असतील तर ८ दिवस आधी पेरा. कलिंगडाचं कमळ दोन तास आधी कापायचं, त्याआधी कापलं तर खाली लाल पाणी साचतं.

मोगऱ्याचे गजरे सकाळी कळ्यांचेच आणा. ओल्या मलमलीत गुंडाळून डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फुलांवर थेट पाणी मारलं की पाकळ्या तपकिरी पडतात.

बागलाणची

नाशिक म्हणजे फक्त शहर नाही, म्हणून भर घालते. सटाणा, मालेगाव, कळवण पट्ट्यात, खानदेशाला लागून, हीच गौर गवराई म्हणून बसते आणि तिचा मोठा सण म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. तिथे लाकडाची गवराई असते, झाडाला झोके बांधतात, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, सांजोऱ्या होतात. त्याच दिवशी पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. शहरातली आरास आणि गावातला झोका, दोन्हीकडे कल्पना एकच: पार्वती महिनाभर माहेरी आलीय आणि तिला सासरी परत जायचंय. म्हणून तिला झोपाळ्यात बसवायचं, थंडावा द्यायचा, लाड करायचे. डाळ-पन्हं, चंदन, वाळा, गुलाबपाणी हे सगळं त्यातूनच आलंय. त्यामुळे ताई, आरास एक पायरी कमी झाली तरी चालेल, पण आलेल्या प्रत्येकीला आधी पाणी-पन्हं आणि पंख्याखाली जागा मिळाली पाहिजे.

सोळा_टिक्या

गणगौर आणि चैत्रगौर एकाच तृतीयेला भेटतात, पण एक तिथे संपते आणि दुसरी सुरू होते. गणगौरची पूजा होळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. त्यांच्या पंचांगाने ती चैत्र वद्य प्रतिपदा, आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्य प्रतिपदा, दिवस एकच. पुढे १६ ते १८ दिवस रोज पूजा असते. गौर म्हणजे पार्वती, ईसर म्हणजे शंकर, दोघांच्या मातीच्या किंवा लाकडी मूर्ती. गहू किंवा जव पेरून जवारे वाढवतात, दूर्वांनी पाणी शिंपडतात, कुंकू, मेंदी आणि काजळाच्या प्रत्येकी १६ टिक्या भिंतीवर किंवा कागदावर देतात. कुमारिका चांगल्या वरासाठी करतात, लग्न झालेल्या अखंड सौभाग्यासाठी, आणि नव्या नवरीने लग्नानंतरची पहिली गणगौर पूर्ण दिवसांची करायची असते. चैत्र शुद्ध तृतीयेला मुख्य पूजा होऊन गौरीला निरोप देतात. जयपूरला त्या दिवशी सिटी पॅलेसमधून मिरवणूक निघते, उदयपूरला पिछोला तलावावर गणगौर घाटच आहे.

म्हणजे शेजारच्या ताईंची गौर ज्या दिवशी सासरी निघते, त्याच दिवशी तुमची माहेरी येते. सकाळी त्यांच्याकडे पूजा असणार, म्हणून गौर बसवायला त्यांना बोलवायचं असेल तर संध्याकाळची वेळ ठेवा.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी तीन गोष्टी. शुक्रवारच पाहिजे का? हळदीकुंकवाचा क्रम काय? आणि नवरा हयात नसलेल्या बायकांना बोलवावं का? घरात दोन मतं आहेत.

कोयरी_करंडा

मंगळवार किंवा शुक्रवार घेतात, पण महिनाभरातला कोणताही दिवस चालतो. फक्त चैत्र शुद्ध एकादशी टाळा. त्या संध्याकाळी काळाराम मंदिराची रथयात्रा असते, रामरथ आणि गरुडरथ निघतात, पंचवटी आणि जुन्या नाशकात रहदारी वळवलेली असते. तिकडच्या बायकांना गंगापूर रोडला पोचायला आणि परतायला फार त्रास होतो. रामनवमीला आणि चैत्र पौर्णिमेलाही लोक बाहेर असतात, वणीला सप्तशृंगीचा चैत्रोत्सव त्याच दिवसांत असतो.

क्रम असा: पाय धुवायला पाणी, बसल्यावर पन्हं, मग हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी. काही घरांत तळहाताला चंदनाची उटी लावून तिच्यावर शिंपल्याने नक्षी काढतात. उटी पातळ असेल तर ओघळते, सहाणेवर दाट उगाळा. मग गजरा, डाळ-बत्तासा-फळाची वाटी, आणि निघताना हरभऱ्यांची ओटी. ओटी आधी भरली तर ती सांभाळत डाळ खाता येत नाही. ५० जणी तीन तासांत म्हणजे एका वेळी १५-१८ घरात. हळदीकुंकू लावायला एक, ओटी भरायला एक आणि आत वाट्या भरायला दोघी, अशा चौघी ठरवून ठेवा.

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: बोलवा. गौर माहेरी आली की घरातल्या सगळ्या लेकी भेटायला येतात, त्यातल्या एकीला दाराबाहेर ठेवणं गौरीला कसं रुचेल? बोलावणं मात्र आधी जाऊन, स्वतः करा. आल्यावर विचारात पडून थबकू नका, हळदीकुंकवाची कोयरी सगळ्यांपुढे सारखीच धरा. एखादीने स्वतःहून नको म्हटलं तर आग्रह नको, तिला गजरा, चंदन, ओटी सगळं द्या. त्या क्षणी हात मागे घेतला तर तिला जे लागतं ते डाळीने-पन्ह्याने भरून निघत नाही. घरातल्या मोठ्यांशी हे आदल्या आठवड्यात बोलून घ्या, त्या दिवशी दारात नाही.

रविवार_कारंजा

अगदी असंच.

उरलेल्याचं तेवढं सांगते. कालवलेली डाळ रात्रीपर्यंत संपवा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. फोडणी घातलेली पण कैरी-खोबऱ्याविना उरलेली फ्रिजमध्ये दुसऱ्या दुपारपर्यंत टिकते, तिची कढईत झाकण ठेवून वाफ काढली की मोकळी डाळ होते. हरभऱ्यांची उसळ, किंवा पाणी निथळून कापडात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. पन्ह्याचा अर्क काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, पाणी घातलेलं पन्हं मात्र त्याच रात्री संपवायचं. आणि अक्षय्य तृतीयेला गौर देव्हाऱ्यात परत ठेवताना काही घरांत मुरडीचे कानवले करतात, तिची वाटेची शिदोरी म्हणून. पाव किलो कणकेचे १२-१४ होतात. कडा नीट मुरडल्या नाहीत तर तळताना सारण तेलात सुटतं, म्हणून सारण काठापासून बोटभर आत ठेवा.